दुसऱ्या पुस्तकाचा नियम
उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडच्या वाचकांसाठी : आजची कथा-कादंबरी गाठावी कशी, आपला लेखक शोधावा कसा

‘आवडता लेखक कोण?’ हा प्रश्न सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये कुणालाही विचारून पाहा. उत्तर झटकन येतं : पु. ल., व. पु., रणजित देसाई, शिवाजी सावंत. मग विचारा, ‘आणि गेल्या दहा वर्षांत आलेली एखादी कादंबरी?’ समोरचा माणूस खिडकीबाहेर बघायला लागतो. माझंही बरीच वर्षं हेच चाललं होतं. कॉलेज सुटलं, नोकरी लागली, घर परवडेना म्हणून परळहून डोंबिवलीला आणि तिथूनही पुढे बदलापूरला आलो. दरवेळी पुस्तकांची खोकी माळ्यावर गेली. नव्या घरात ती उघडायची राहिली आणि आवडत्या लेखकांची यादी वयाच्या बाविसाव्या वर्षी होती तिथेच थांबली.

ती यादी पुन्हा हलवता येते. त्यासाठी फार हुशारी लागत नाही, थोडी व्यवस्था लागते. बदलापूर ते दादर या मार्गावर पंचवीस वर्षं लेडीज डब्यात वाचत आल्यानंतर जी व्यवस्था जमली, ती इथे सांगते. तिच्या मुळाशी एकच नियम आहे : एका पुस्तकाने पुस्तक आवडतं, लेखक आवडतो तो दुसऱ्या पुस्तकाने. म्हणून पहिलं पुस्तक निवडताना फार घासाघीस करू नका. खरा निर्णय दुसऱ्याच्या वेळी होतो.

गाडीच्या मापाचं पुस्तक

आपल्याला वाचायला वेळ नाही, हे आधी मनातून काढून टाका. बदलापूर ते दादर साधारण सव्वा तास. जाऊन-येऊन अडीच. त्यातला निम्मा वेळ धक्क्यांत, गप्पांत, ‘कुठं उतरणार?’ विचारण्यात गेला, तरी रोज तासभर उरतो. मिनिटाला एक पान धरलं तरी दिवसाला साठ पानं होतात. दोनशे-सव्वादोनशे पानांची कादंबरी आठवड्याच्या आत संपते. दादरलाच राहणाऱ्या माणसाला हे भाग्य नाही.

मात्र पुस्तक गाडीच्या मापाचं हवं. भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ ही सहाशे पानांची कादंबरी चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर ठेवून वाचता येत नाही. ती मेगाब्लॉकच्या रविवारांसाठी ठेवा. उभ्याने प्रवास असेल तर एका हातात मावणारा कथासंग्रह घ्या. एक कथा म्हणजे अंबरनाथ ते ठाणे, असा हिशेब बसतो. बसायला मिळण्याची खात्री असेल, म्हणजे तुम्ही अंबरनाथहून डाऊन करून बदलापूरला जाऊन बसणाऱ्यांपैकी असाल, तर सरळ कादंबरी काढा. परतीच्या गाडीत डोकं शिणलेलं असतं. तेव्हा नवीन काही सुरू करण्यापेक्षा सकाळचंच पुढे न्यावं. भजनाचा डबा असेल तर वाचन बंद ठेवून टाळ ऐकावेत, भांडू नये.

पावसाळ्याची एक सूचना स्वतःच्या नुकसानीतून देते. एका जुलैत वाचनालयाचं पुस्तक पिशवीत तसंच ठेवलं आणि स्टेशन ते घर एवढ्या अंतरात त्याचा लगदा झाला. नवीन प्रत आणून द्यावी लागली, पण आवृत्ती संपलेली. ती शोधण्यात दोन महिने गेले. तेव्हापासून दुधाची धुतलेली पिशवी पुस्तकासाठी कायम पर्समध्ये असते.

कुठल्या दाराने आत जायचं

‘आजचं मराठी साहित्य’ असं म्हटलं की दडपण येतं. म्हणून लेखकांच्या यादीपासून सुरुवात करूच नका, आपल्या घरापासून करा. घरात कुठली गोष्ट वारंवार निघते? तेच आपलं दार.

तुमचं घर गिरणगावातून इकडे आलं असेल, तर जयंत पवार. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर किती घरांनी चाळीतली खोली सोडून कल्याणच्या पुढची वाट धरली, हे आपल्या इमारतीतच विचारून कळेल. पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक अशाच एका घराचं आहे. त्यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या कथांत मुंबई पोस्टकार्डावरची नाही. गिरणीच्या जागी मॉल उभा राहिल्यावर त्याच्या सावलीत उरलेली माणसं तिथे भेटतात. त्यांच्या मागे गेलात की भाऊ पाध्ये भेटतील. ‘वासूनाका’ १९६५ ची, पण नाक्यावरच्या पोरांची भाषा अजून ताजी आहे. ‘वैतागवाडी’त मुंबईत घर शोधणाऱ्या माणसाची फरफट आहे. ती वाचताना आपण बदलापूरला का आलो, याचा जुना दाखला हाती लागल्यासारखं वाटतं.

गाव सुटलं असेल, आईवडील अजून शेतात असतील, तर सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ आणि आसाराम लोमटे यांचा कथासंग्रह ‘आलोक’. एक विदर्भातलं, दुसरं मराठवाड्यातलं. ‘बारोमास’ला २००४ चा आणि ‘आलोक’ला २०१६ चा अकादमी पुरस्कार आहे, पण वाचायचं कारण ते नाही. गावाकडच्या फोनवर जे बोललं जात नाही ते इथे लिहिलेलं आहे. त्यांच्याच शेजारी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ ठेवा. धरणाने उठवलेल्या गावाची आणि मागे राहून गेलेल्या जनावरांची ही कादंबरी आपण तर वाचायलाच हवी. उल्हासनगर-अंबरनाथच्या कितीतरी नळांना बारवीचं पाणी येतं, आणि बारवीची उंची वाढली तेव्हा आपल्या हाकेच्या अंतरावरचे पाडे उठले. गोष्ट कोल्हापूरकडची असली तरी ती वाचून नळ सोडताना हात क्षणभर थांबतो.

बाईच्या मनाचं आणि घराचं राजकारण समजून घ्यायचं असेल, तर गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’तल्या दीर्घकथांपासून निघा. मग मेघना पेठे यांचा ‘हंस अकेला’, मग कविता महाजन यांची ‘ब्र’. ‘ब्र’ २००५ ची. पंचायतीत निवडून आलेल्या बायका आणि त्यांना बोलू न देणारी व्यवस्था हा तिचा विषय. आमच्या डब्यात तिची एक प्रत सहा जणींच्या हातून फिरली. त्यातल्या दोघी स्वतः गावच्या राजकारणातल्या घरातल्या होत्या. त्यांनी पुस्तक परत करताना काहीच म्हटलं नाही, फक्त ‘हिचं आणखी आहे का?’ एवढं विचारलं. मला तेवढं समीक्षण पुरलं.

घरात विशी-पंचविशीतलं कुणी असेल तर त्यांच्या हाती आपली जुनी आवड कोंबू नका. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ द्या. एकाच पेइंग गेस्टवर जीव लावलेले भाऊ आणि बहीण, दोघांनी सांगितलेली ती गोष्ट छोट्या आकाराची आहे आणि एका रविवारात होते. प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ ही युवा पुरस्कार मिळालेली कादंबरीही देऊन पाहा. आणि ज्यांना गोष्टीपेक्षा विचारांची गंमत आवडते, त्यांनी श्याम मनोहर उघडावेत. पहिली वीस पानं ‘हे काय चाललंय?’ असं वाटेल. तसंच वाटायला हवं.

आता नियम

पहिलं पुस्तक आवडलं की आपण दोन चुका करतो. एक तर त्या लेखकाला तिथेच सोडून पुढच्या गाजलेल्या नावाकडे धावतो. नाहीतर दुसरं पुस्तक पहिल्यासारखंच असावं असा हट्ट धरतो आणि नसलं की रुसतो. दोन्हींत लेखक हातचा जातो.

मिलिंद बोकील यांचं उदाहरण घेऊ. ‘शाळा’ कुणी वाचली नाही? आणीबाणीतला नववीचा वर्ग, जोशी, शिरोडकर. २००४ नंतर दोन पिढ्यांनी ती वाचली, सिनेमाही पाहिला. पण बहुतेकांचे बोकील तिथेच संपतात. आता दुसरं पुस्तक म्हणून ‘समुद्र’ घ्या. पौगंडावस्था नाही, शाळा नाही. मध्यमवयातलं एक जोडपं आणि त्यांच्यात उभा राहिलेला प्रश्न. किंवा ‘एकम’ घ्या, एकटी राहणारी लेखिका. काही पानं अस्वस्थ होतं, ‘माझे बोकील कुठे गेले?’ असं वाटतं. मग लक्षात येतं की माणूस तोच आहे. घाई न करणारं वाक्य, न्यायनिवाडा न करणारी नजर आणि दोन माणसांतल्या न बोललेल्या जागेवर सगळं लक्ष. आपल्याला ‘शाळा’त नेमकं काय आवडलं होतं, ते ‘समुद्र’ वाचल्यावर कळतं. म्हणजे दुसरं पुस्तक पहिलंही उलगडून दाखवतं.

तिसरं पुस्तक मुद्दाम कथेबाहेरचं घ्या. बोकिलांचंच ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ हे अभ्यासाचं पुस्तक आहे. बदलापूर-वांगणी-कर्जत पट्ट्यात कातकरी वाड्या आपण रोज गाडीतून बघतो, वीटभट्ट्यांवर ती माणसं दिसतात. कादंबरीकाराने त्यांच्याकडे कसं पाहिलं, हे वाचल्यावर त्याच्या कथेतली सहानुभूती कुठून येते ते समजतं. तीन पुस्तकं झाली की हा आपला लेखक की नाही, हे तुम्ही स्वतःच सांगू शकता. मग नाही म्हणालात तरी ते मत पक्कं असतं.

हा नियम नंदा खरे यांच्यावर लावाल तर आणखी मजा. ‘अंताजीची बखर’ अठराव्या शतकात घडते, ‘उद्या’ येणाऱ्या काळात. एकीत मराठी फौजांच्या मागे फिरणारा तिरकस माणूस, दुसरीत पाळत ठेवणारं जग. वरवर पाहता दोन लेखकांची पुस्तकं वाटावीत. पण सत्तेच्या पायाशी उभा राहून तिची टर उडवणारा आवाज दोन्हीकडे एकच आहे. ‘उद्या’ला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा खरे यांनी तो नम्रपणे नाकारला.

पुरस्कारांची यादी : नकाशा म्हणून

पुरस्कार नाकारणारे लेखक आहेत म्हणून यादी टाकाऊ ठरत नाही. नवीन काय वाचावं कळत नसेल तर साहित्य अकादमीची अलीकडची नावं हाताशी ठेवा. २०२१ ला किरण गुरव यांचा कथासंग्रह ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’, २०२२ ला प्रवीण दशरथ बांदेकर यांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’, २०२३ ला ‘रिंगाण’. ही आणि आधी आलेली नावं पाहिली की एक दिसतं : कोल्हापूर, सावंतवाडी, परभणी, बुलढाणा इथून आलेलं लेखन आज मराठी कथेचा कणा आहे. यादी प्रदेश दाखवते, चव दाखवत नाही. चव बघायला मधलं पान उघडा. मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नका, तो प्रत्येक पुस्तकाला थोर म्हणतो. पहिलं पानही लेखकाने दहादा घासलेलं असतं. पान ऐंशी काढा. तिथली दोन पानं वाचून पुढचं वाचावंसं वाटलं, तर पुस्तक घरी न्या.

पुस्तक मिळवायचं कुठून

एकट्या खिशावर नवी पुस्तकं घेत राहणं नोकरदाराला जमत नाही, म्हणून वाचनालय हवंच. आपला पट्टा या बाबतीत गरीब नाही. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभं केलेलं ‘ग्रंथसखा’ जुन्या आणि दुर्मीळ मराठी पुस्तकांसाठी ओळखलं जातं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. दादरला उतरणाऱ्यांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ चं. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदान-प्रदानाचा उपक्रम लोकप्रिय केला : आपलं वाचून झालेलं द्या, दुसऱ्याचं न्या. माळ्यावरच्या खोक्यांना याहून चांगली वाट नाही.

वाचनालय निवडताना घरापेक्षा गाडीच्या जवळचं पाहा. संध्याकाळी उतरल्यावर रिक्षाच्या रांगेआधी जाता येईल असं. बंद होण्याची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्या. आपली साडेआठची गाडी आणि त्यांचं आठला बंद होणारं दार जुळत नाही म्हणून किती सभासदत्वं बुडाली असतील. अशा वेळी शनिवारचा दिवस ठरवा किंवा घरातल्या आजी-आजोबांना दूत नेमा. त्यांचंही फिरणं होतं. सभासद होताना एक पुस्तक आणि एक मासिक अशी वर्गणी घेतली तर घरात दोघांचं भागतं. आणि ग्रंथपालांशी ओळख करा. ‘काहीतरी चांगलं द्या’ असं सांगू नका. ‘मला जयंत पवार आवडले, पुढे काय?’ असं विचारा. नेमक्या प्रश्नाला ग्रंथपाल जीव ओततात. हवं ते पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत लिहा.

विकत काय घ्यायचं? दुसऱ्या पुस्तकाच्या नियमाने टिकलेल्या लेखकाचं. मराठी कादंबरीची आवृत्ती मोठी नसते, हजारभर प्रती किंवा त्याहूनही कमी, आणि संपली की पुढची कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून आपल्या लेखकाचं पुस्तक दिसलं की घेऊन ठेवावं. दादर पश्चिमेला छबिलदासच्या गल्लीतलं ‘आयडियल’ यासाठी सोयीचं. ट्रेनमध्ये बदल हवा असेल तर फोनवर ई-पुस्तक किंवा कानात ऑडिओ पुस्तक. मात्र ऑडिओवर आधी माहितीतली गोष्ट ऐका. नवी कादंबरी ऐकताना कल्याणच्या गर्दीत एक प्रकरण कुठे हरवतं ते कळत नाही.

दिवाळी अंक : लेखक शोधायची स्वस्त जागा

का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाला ही चैन आहे. नवा लेखक आधी इथे दिसतो, पुस्तक नंतर येतं. बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते : एकदा वर्गणी भरायची आणि काही महिने अंक बदलत राहायचे. ती घ्या, पण वाचायची पद्धत बदला. ओळखीची नावं शेवटी ठेवा. प्रत्येक अंकातली एक कथा अशी वाचा, जिच्या लेखकाचं नाव आपण कधी ऐकलेलं नाही. आवडली तर नाव लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तेच नाव दुसऱ्या अंकात दिसलं की समजा, दुसऱ्या पुस्तकाचा नियम इथेही सुरू झाला.

शेजाऱ्याची गोष्ट

उल्हासनगरच्या वाचकाला आणखी एक दार आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण बोलण्यात अजून कॅम्प नंबर एक ते पाचच आहेत. सिंधीत कथेची मोठी परंपरा आहे. सुंदरी उत्तमचंदाणी यांच्यासारख्या लेखिकांनी घर सोडून आलेल्या बायकांचं जग लिहिलं. अडचण लिपीची. सिंधी अरबी लिपीतही लिहिली जाते आणि देवनागरीतही, त्यामुळे आजोबांचं पुस्तक नातवाला वाचता येत नाही असं घरोघरी घडतं. देवनागरी सिंधी मात्र आपल्याला थोड्या सवयीने अंदाजाने लागते, आणि हिंदीत अनुवादही मिळतात. दुकानातल्या काकांना कुठल्या गावचे विचारतो, तसं एकदा ‘तुमच्याकडे कुणाच्या कथा वाचत?’ असंही विचारून बघा. खरेदी बाजूला राहते.

सोडून द्या, पण लिहून ठेवा

पन्नास पानं वाचूनही पुस्तक पकडत नसेल तर खुशाल सोडा. डब्याला चिकटून राहायचं बंधन फक्त गाडीत असतं. पण सोडताना शेवटच्या पानाच्या आत एक चिठ्ठी ठेवा : किती पानांवर सोडलं आणि का. वाचनालयाचं असेल तर ही ओळ स्वतःच्या वहीत. माझ्या वहीत ‘कोसला, पान ४०, कंटाळा’ अशी एक नोंद आहे. खाली बारा वर्षांनंतरची दुसरी : ‘एका बैठकीत’. १९६३ चं पुस्तक तेच होतं, मधल्या काळात मी गाव सोडून हॉस्टेलवर गेलेल्या मुलाची आई झाले होते. ही वही नसती तर नेमाडे मी कायमचे नावडत्यांत टाकले असते.

संपवलेल्या पुस्तकाबद्दल तीनच ओळी लिहा. कुणाचं, कुठे वाचलं, कुठलं माणूस लक्षात राहिलं. गोषवारा नको, तो कुठेही मिळतो. वर्षाअखेरीस वही चाळली की ज्या लेखकाचं नाव दुसऱ्यांदा आलं आहे त्याच्याभोवती गोल करा. माझ्या पहिल्या वर्षी असे दोनच गोल झाले. ही आवडत्या लेखकांची खरी यादी. शाळेने दिलेली नव्हे, स्वतः केलेली.

सुरुवात करायला मुहूर्त लागत नाही. या शनिवारी वाचनालय, एक कथासंग्रह, पान ऐंशी. सोमवारी सकाळी तो पिशवीतून बाहेर काढा. ठाण्यापर्यंत शेजारची बाई दोनदा पुस्तकात डोकावेल आणि ‘कुठं उतरणार?’च्या ऐवजी ‘कुणाचं आहे?’ विचारेल. नाव सांगा, आणि तुमचं संपलं की पुस्तक तिला द्या. परत आणून देताना ती दुसरं मागते का, ते पाहा.